अकरा वाजताची घंटी

रेडिओवर एखादं खेड्यातलं माणूस बोलायला लागतं. चार शब्द होत नाहीत तोच त्याचा आवाज खाली खाली जातो आणि वरून दुसरंच कुणीतरी गोड, स्वच्छ बोलायला लागतं. तेव्हा खाली दबलेलं ते माणूस पुढं काय बोललं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं का?

मीही नव्हतं विचारलं. आणि मी तर दाबणाऱ्यांच्यात नोकरीला होते.

आवाजाच्या चाचणीपासून सांगते. छोटी खोली. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे. टेबलावर माईक, समोर काच. काचेपलीकडं तिघं बसलेले. मला एक उतारा दिला, पाणी जपून वापरा अशा अर्थाचा. मी वाचला. अडखळले नाही. संपल्यावर मान वर केली तर पलीकडं तिघं हसत होते. काचेतून हसणं ऐकू येत नाही, फक्त दिसतं. मग कानावरच्या हेडफोनमधून कार्यक्रम अधिकाऱ्यांचा आवाज आला.

"आवाज छान आहे हो तुमचा. पण 'ण' कुठं गेला? वाटेत मेंढ्यांनी खाल्ला का?"

अर्जात 'घरचा व्यवसाय' म्हणून एक रकाना होता. त्यात मी 'मेंढपाळ' लिहिलं होतं.

तिघं पुन्हा हसले. मीही हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढचं सगळं माझ्या त्या हसण्यातून आलं.

"निवेदनाला नाही जमणार," ते म्हणाले. "पण तुम्हाला त्यांची भाषा येते. त्यांच्यात पाठवता येईल तुम्हाला."

त्यांची. म्हणजे माझ्या मायची. माझ्या चुलत्याची. माझी.

मी म्हणाले, "थँक्यू, सर."

आम्ही धनगर. माझं लहानपणीचं घर घोड्याच्या पाठीवर बांधलेलं असायचं. दिवाळी झाली की कळप निघायचा आणि घर त्याच्यामागं चालायचं. मी शिकावं म्हणून मायनं मला बजाजनगरात मामाच्या खोलीवर ठेवलं. मामा कंपनीत वेल्डर. त्याच्या खोलीत भांडी कमी आणि कामगारांची पत्रकं जास्त. गठ्ठेच्या गठ्ठे. मी त्यांच्या घड्या घालत घालत वाचायला शिकले. 'निषेध', 'हक्क', 'जाब' हे शब्द मला शाळेच्या पुस्तकाआधी भेटले. तिसरीत बाईंनी 'जाब' शब्दाचा वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर मी लिहिलं, "मालकाला जाब विचारला पाहिजे." बाईंनी त्यावर लाल रेघ मारली.

अशी मुलगी पुढं 'अडचण' हा शब्द लिहायला शिकली. कशी, ते ऐका.

आमचं रेडिओचं जाळं सरकारी नव्हतं, खासगीही नव्हतं. लोकांच्या वर्गणीवर आणि अनुदानावर चालायचं. संभाजीनगरच्या केंद्रात कार्यक्रम तयार व्हायचे आणि मराठवाड्यातल्या छोट्या छोट्या केंद्रांना वाटले जायचे. दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'लोकांचा आवाज'. त्याचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तेवढंच एक वाईट आहे.

कार्यक्रम अधिकाऱ्यांना सगळे साहेब म्हणायचे. बागायतदार घरातले. गावाकडं मोसंबीच्या बागा, शहरात बंगला. बोलायला मऊ. सगळ्यांना 'बेटा' म्हणायचे. 'तसे ते वाईट नव्हते' असं लिहायची आपल्याकडं पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

काम असं. मी रेकॉर्डर घेऊन लोकांत जायचं. त्यांना बोलतं करायचं. परत येऊन एक पत्रक भरायचं. पत्रकाला दोन रकाने. डाव्या रकान्यात माणूस जे बोललं ते. उजव्या रकान्यात तेच, पण 'प्रसारणयोग्य'. मग स्टुडिओत मूळ आवाज सुरू करायचा. पहिले चार सेकंद तो तसाच मोकळा सोडायचा. साहेब त्याला 'मातीचा वास' म्हणायचे. चार सेकंद झाले की निवेदिका मॅडम डावा हात वर करायच्या. तो हात दिसला की काचेपलीकडचे चाचा आवाजाची पट्टी खाली ओढायचे. पट्टीबरोबर माणसाचा आवाज खाली जायचा. मॅडम उजवा रकाना वाचायला घ्यायच्या. खाली माणूस बोलतच राहायचं. नुसतं गुणगुणल्यासारखं. माशीसारखं.

मराठी माणसाच्या बोलण्यावर दुसऱ्या मराठी माणसाचं भाषांतर. आणि भाषांतर करणारी मी.

चाचा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. याच शहरातले. दाढी पांढरी, जीभ तिखट. सकाळी मी पत्रकं घेऊन गेले की विचारायचे, "क्या बेटी, आज कित्तों का गला दबाना है?"

मी हसून म्हणायचे, "तिघांचा, चाचा."

"तीन? आज तो छुट्टी है फिर."

आम्ही हे विनोद म्हणून करायचो.

एक उदाहरण देते. बजाजनगरातल्या एका बाईंचं बोट प्रेस मशिनमध्ये गेलं होतं. त्या म्हणाल्या, "बोट गेलं त्याचं नाय बाई. पन सुपरवायझरनं रगत पुसायच्या आधी मला मशिनपाशी उभं केलं आन् फोटू काढला. चूक माझी दिसावी म्हणून." हा डावा रकाना. उजव्यात मी लिहिलं, "काम करताना सुरक्षेची काळजी घेतली पाहिजे, असं कामगार भगिनींना वाटतं." साहेबांनी ते वाचून माझ्या खांद्यावर थाप मारली. "तयार झालात तुम्ही, बेटा."

झाले होते. 'मारलं' याचं मी 'गैरसमज झाला' करायचे. 'हाकललं' याचं 'स्थलांतर करावं लागलं'. 'उपाशी राहिलो' याचं 'आहाराकडं दुर्लक्ष होतं'. माझा स्वतःचा 'ण'ही परत आला होता. पुंडलिकनगरात मी दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. त्यांना मी घरची शेती आहे असं सांगितलं होतं. मेंढ्यांचा विषय कधी निघू दिला नाही.

माय मात्र सगळ्या रानाला सांगत फिरायची, माझी लेक रेडिओत हाय. बाप गेल्यापासून ती चुलत्याच्या कळपाबरोबर हिंडते. घोड्याच्या खोगिराला तिचा छोटा रेडिओ टांगलेला असतो. सकाळी अकराला आमचा कार्यक्रम लागायचा, तेव्हा ती चालता चालता घोड्याच्या अगदी जवळ यायची. एकदा फोनवर म्हणाली,

"तुझा आवाज कवा येनार गं?"

"मी आतलं काम करते, माय."

"आतलं म्हंजी?"

"म्हणजे बाकीच्यांचे आवाज नीट करते."

"का? बिघडलेले असतेत व्हय?"

मी विषय बदलला.

मग साहेबांच्या डोक्यात मेंढपाळांवर एक भाग करायचं आलं. "काठी, घोंगडी, कळप," ते म्हणाले. "शहरातल्या लोकांना हे फार आवडतं. एखादी अनुभवी बाई आणा स्टुडिओत. मस्त मोकळी बोलणारी." मायला किती दिवसांची हौस होती. मी तिला बोलावलं. पण बोलावताना एक वाक्य जोडलं.

"माय, तिथं माझी आई म्हणून सांगू नको. ऑफिसात घरचं माणूस आणलेलं चालत नाही."

असा कुठलाही नियम नव्हता.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं."

ठरलेल्या दिवशी ती चिकलठाण्याच्या फाट्यापर्यंत टेंपोनं आली, तिथून रिक्षानं. नवं लुगडं, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी, हातात कापडी पिशवी. दारातल्या वॉचमननं वही पुढं केली. त्यात 'कोण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'मेंढपाळ महिला'. वॉचमननं विचारलं, "तुमच्या गावाकडच्या का मॅडम?" मी म्हणाले, "ओळखीच्या आहेत." माय माझ्या शेजारी उभी होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, ऐकू चांगलं येतं.

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मला म्हणाली, "चला, मॅडम."

मला जन्म दिलेली बाई मला मॅडम म्हणाली. टोमणा नव्हता तो. माझी नोकरी सांभाळायला म्हणाली. मी पुढं चालायला लागले आणि ती मागून.

स्टुडिओत साहेब स्वतः आले. "या, या आजी. अगदी मोकळेपणानं बोला. तुमची भाषा किती गोड असते."

"गोड कशाची साहेब," माय म्हणाली, "मेंढरामागं वरडून वरडून नरडं फाटलंय. फाटकं चालतंय का तुमाला?"

सगळे हसले. काचेपलीकडून चाचांनी अंगठा वर केला. साहेब म्हणाले, "हेच पाहिजे, बेटा, हेच," आणि आपल्या खोलीत गेले. मी प्रश्नांचा कागद घेऊन समोर बसले. लाल दिवा लागला.

"आपलं नाव सांगा."

मायच्या तोंडाला हसू आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि नाव सांगितलं. तिचं आणि माझं आडनाव एकच. ते तिनं गाळलं. त्याचीही आठवण तिला होती.

"मेंढ्या चारताना कसे अनुभव येतात?" हा कागदावरचा दुसरा प्रश्न. उत्तर असं येणार होतं: ऊन, वारा, पाऊस, लांडगा.

माय माईककडं बघत बोलायला लागली. माझ्याकडं नाही.

"म्या हे कुनाला सांगितलं नाय. लेकीला बी नाय. पन तुमी म्हनता मोकळं बोला, तर बोलते. मागल्या उन्हाळ्यात आमी गायरानात उतरलो. गायरान म्हंजी गावाचं. माझ्या सासऱ्यापस्नं आमी तिथं उतरतो. तर तिथं तारंचं कुंपन. एका जागी तार तुटलेली. मेंढरं गेली आत. मेंढराला काय कळतंय, कागद कुनाच्या नावावर हाय. तिघं आले मोटारसायकलवर. म्हनले, कुनाच्या बापाचं रान हाय? म्या म्हनलं, गावाचं हाय. त्यातला एक हसला. त्यानं म्होरल्या मेंढीच्या गळ्यातली घंटी सोडली. माझ्या गळ्यात बांधली. सुतळीनं. म्हनला, म्हातारे, आता तू म्होरं चाल, कळप तुझ्या मागनं यील. तिथून सडकंपतुर चालवलं मला. थांबलं की काठी. चाललं की घंटी वाजायची. म्या मान ताठ धरली. तरी वाजायची. सडकंला च्याची टपरी हाय. मानसं बसलेली. सगळी वळखीची. आमी त्यांच्या रानात मेंढरं बसवलेली, लेंडीखत दिलेलं. एक बी उठला नाय. येकानं तर कप बी खाली ठिवला नाय."

तिनं पिशवीत हात घातला. पितळेची घंटी काढली. त्याला अजून सुतळीचा तुकडा होता.

"आशी वाजायची," ती म्हणाली, आणि एकदा वाजवली.

हेडफोनमध्ये तो आवाज फार मोठा होतो. मग चाचांचा आवाज, हळू, "बेटी, रोकूं क्या?"

मी मान हलवून नको म्हणाले.

आणि कागदावरचा तिसरा प्रश्न वाचला. "घोंगडी कशी विणतात, ते सांगाल का?"

माय पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागली. किती वेळ, ते रेकॉर्डिंगमध्ये मोजता आलं असतं. मी ते कधी मोजलं नाही. मग तिनं घोंगडी कशी विणतात ते सांगितलं. नीट, क्रमानं, लोकर कातरण्यापासून.

दुपारी साहेबांनी ऐकलं. घंटी वाजली तिथं त्यांनी डोळे मिटले. "वा! पुन्हा लावा." चाचांनी पुन्हा लावली. "काय नाद आहे! हिनंच भागाची सुरुवात करा." मी म्हणाले, "सर, त्याआधी त्या जे सांगतात..." साहेब म्हणाले, "ते फार स्थानिक आहे, बेटा. त्यात वाद आहेत. आपण सार्वजनिक माध्यम. आपण कुणाची बाजू घेत नाही. तुम्ही बसवा व्यवस्थित."

मी व्यवस्थित बसवलं. डाव्या रकान्यात मायचं बोलणं. उजव्यात, माझ्या अक्षरात, "चराईच्या जागेबाबत मेंढपाळांना अधूनमधून अडचणी येतात. परस्पर सामंजस्यानं त्या सुटू शकतात."

गुरुवारी भाग सगळ्या केंद्रांना गेला. आधी घंटी, मग चार सेकंद माय, मग मॅडमचा हात.

दुपारी मायचा फोन आला. रानातल्या बायांना गोळा करून तिनं ऐकलं होतं.

"घंटी वाजली गं," ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती बाई लई गोड बोलली. माझ्या जागी." मग म्हणाली, "तिच्या गळ्यात कुनी बांधलेली दिसत नाय कवा. आवाजावरनं कळतंय."

तिनं माझ्यावर राग केला नाही. केला असता तर मी कदाचित तिथंच थांबले असते.

पण घंटी साहेबांना फारच आवडली. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी ती रोजच्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून केली. रोज अकरा वाजता, सगळ्या केंद्रांवर, माझ्या मायच्या गळ्यातली घंटी. ते कौतुकानं सांगायचे, "मातीतला नाद!" आणि ज्या सडकेपर्यंत मायला चालवलं, तिथल्या टपरीवरही रेडिओ होता. कळप तिकडून निघाला की लोक आवाज मोठा करायचे. "म्हातारे, तुझी येळ झाली. अकरा वाजले." हे मायनं नाही सांगितलं. चुलत्यानं सांगितलं. माय आता अकराच्या आधी रेडिओ बंद करते, हेही त्यानंच सांगितलं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"सर, ती घंटी काढा. ती बाई माझी माय आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खरंच हळहळले. "अरे बेटा! मग आधी सांगायचं ना. आपण त्यांना शाल दिली असती."

"शाल नको, सर. घंटी काढा."

"ती आता धून झालीय. श्रोत्यांच्या कानात बसलीय." त्यांनी टेबलावर बोटं वाजवली आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. तुमच्या आईचा तोच भाग थेट प्रसारणात पुन्हा घेऊ. निवेदन तुम्ही करा. आई आणि मुलगी! काय सुंदर होईल. तुम्हाला निवेदनाला बसायचंच होतं ना?"

बसायचंच होतं. चाचणीच्या दिवसापासून. आणि ऐका, मी हो म्हणाले. खोलीवर जाऊन उजवा रकाना आरशासमोर वाचला. प्रत्येक 'ण' जागेवर. माझ्या मनात बंड वगैरे काही नव्हतं. मला वाटत होतं, निदान वरचा आवाज तरी तिच्या लेकीचा असेल. माणूस स्वतःला काय काय पटवतं.

अकराला पाच कमी असताना मी मॅडमच्या खुर्चीत बसले. काचेपलीकडं चाचा, त्यांच्या मागं साहेब. दोन पाहुण्यांनाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, बघायला. लाल दिवा. घंटी वाजली. मी चार ओळींची ओळख वाचली. चाचांनी पट्टी वर केली आणि माय बोलायला लागली.

"म्या हे कुनाला सांगितलं नाय. लेकीला बी नाय."

चार सेकंद.

आता हात वर करायचा होता. एवढंच. चाचा माझ्या हाताकडं बघत होते. मी माझ्या हाताकडं बघत होते. तो मांडीवर पडलेला. मी दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

पाच. सहा. सात.

"गायरान म्हंजी गावाचं..."

साहेब काचेपलीकडून खुणा करायला लागले. आधी हसत, मग दोन्ही हातांनी. पाहुण्यांसमोर त्यांना ओरडता येईना. मी काच बघितलीच नाही. मी आईचं ऐकत होते. पहिल्यांदा. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी प्रश्न बघत होते. पत्रक भरताना शब्द बघत होते. ती काय सांगतेय, ते त्या दिवशी ऐकलं. तार. मोटारसायकल. सुतळी. "एक बी उठला नाय." कप. मग घंटी वाजली, तिच्या हातातली. बातमीसारखी वाजली. त्यात कसलाही नाद नव्हता.

त्याच वेळी साहेबांनी चाचांच्या अंगावरून वाकून सगळं बंद केलं. पण तोवर ते सगळ्या केंद्रांवर गेलं होतं. सडकेवरच्या टपरीवरही.

दार उघडून साहेब आत आले. उघड्या दारातूनच पलीकडच्या चाचांना ओरडले, "तुम्हाला पट्टी ओढता येत नव्हती?"

चाचा उठून उभे राहिले. "मैं तो इसके हात कू देख रा था, साब. हात उठा तो आवाज गिराना. कायदा तो आपकाइच है."

साहेब मला म्हणाले, "तुमच्यासारख्यांना आम्ही संधी देतो, आणि तुम्ही अशी परतफेड करता."

"माझ्यासारख्या म्हणजे कोण, सर?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही बोला. डाव्या रकान्यात लिहिते."

त्यांनी माझ्यापुढं एक कोरं पत्रक टाकलं. घडलं त्याचा खुलासा लिहा, म्हणाले. काय लिहायचं तेही सांगितलं, "तांत्रिक कारणामुळे प्रसारणात व्यत्यय आला, त्याबद्दल दिलगीर आहे." एवढी ओळ लिहिली तर नोकरी राहील. चाचांवरही काही येणार नाही.

चाचांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मेरे नाम पे झूट मत लिख बेटी. मेरे रिटायरमेंट कू दो दिन हो कि दो साल, मैं देख लूंगा."

मी डाव्या रकान्यात लिहिलं, "ती माझी माय आहे. मी हात वर केला नाही. मुद्दाम." खाली आडनावासकट पूर्ण सही केली. उजवा रकाना कोरा ठेवला. तिकडं साहेबांनी बघितलं तेव्हा मी म्हणाले, "तो तुम्ही भरा. मला आता येत नाही."

बाहेर पडताना वॉचमनकडून वही मागितली. मागची पानं उलटली. 'मेंढपाळ महिला' असं लिहिलेलं सापडलं. ते खोडलं आणि वर लिहिलं, 'माझी माय'. वॉचमन म्हणाला, "मॅडम, जुन्या पानावर खाडाखोड चालत नाही." म्हटलं, "माहितेय."

यानंतर काही चांगलं झालं असं समजू नका. माझी नोकरी गेली. चाचांना नोटीस आली. मायचं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं, जागा लागते म्हणून. ज्यांनी घंटी बांधली ते दोन दिवसांनी कळपापाशी येऊन गेले. मायला म्हणाले, "नाव घेतलं नाहीस म्हणून वाचलीस." माय म्हणाली, "नाव इसरले न्हवते. लेकीच्या नोकरीपायी गिळलं व्हतं. आता तिला नोकरी नाय." त्या दिवसापासून चुलता कळपाला एकटं सोडत नाही. मला भीती वाटते. मायलाही वाटत असेल. ती तसं म्हणत नाही.

आणि धून तीच आहे. मला काढलं, घंटी नाही काढली. आजही अकराला वाजते.

मायनं सगळं पुन्हा सांगितलंय, या वेळी तिघांच्या नावांसकट. आम्ही दोघींनी पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर तक्रार दिलीय. टेबलापलीकडच्या माणसानं लिहिता लिहिता 'किरकोळ वाद' असा शब्द घातला. तो मला लगेच ओळखू आला. माझ्याच हातचा. खोडायला लावला. तीनदा घातला, तीनदा खोडायला लावला. बोट गेलेल्या बजाजनगरच्या बाईंकडंही मी जाऊन आले. त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि त्यांच्यापुढं वाचून दाखवलं. ज्यांचे ज्यांचे उजवे रकाने मी भरले, त्या प्रत्येकाकडं जाणार आहे. यादी मला पाठ आहे. काहीजण दारात उभं करणार नाहीत. तरी जाणार.

तुमच्याकडून एकच काम हवंय. ही घंटी तुमच्याही गावात वाजत असेल. उद्या अकराला ती वाजली की रेडिओ बंद करू नका. कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांसाठी नंबर सांगतात, तो लिहून घ्या. फोन लावा. आवडलं का, असं विचारतील. तुम्ही विचारा, "ही घंटी कुणाच्या गळ्यातली?" 'मातीतला नाद' म्हणतील, 'वरिष्ठ जागेवर नाहीत' म्हणतील. फोन ठेवू नका. पुन्हा विचारा. परवा पुन्हा लावा, शेजाऱ्याला लावायला सांगा. ती धून थांबेपर्यंत आणि त्या जागी माझी माय पूर्ण बोलेपर्यंत विचारत राहा.